प्रश्न एकाचा, उत्तर साऱ्या राज्याला

श्रोत्याने घरून दूरध्वनी करून प्रश्न विचारावा, स्टुडिओत बसलेल्या जाणकाराने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यावे आणि हा सारा संवाद राज्यभरातील अनोळखी लोकांनी आपापली कामे करता करता ऐकावा, अशी साधी रचना असलेला ‘कॉल-इन’ हा नभोवाणीचा प्रकार अमेरिकेत अनेक दशके टिकून आहे. राजकारण, खेळ किंवा कौटुंबिक अडचणी यांवरचे असे कार्यक्रम पुष्कळ ठिकाणी होतात. परंतु बाग, परसातला भाजीपाला, अंगणात येणारे पक्षी आणि प्राणी, घराची डागडुजी अशा रोजच्या व्यवहारातील विषयांना वाहिलेला कार्यक्रम विस्कॉन्सिन राज्याने ज्या सातत्याने आणि ज्या शास्त्रीय पायावर चालवला, तो मुळातून अभ्यासण्याजोगा आहे. महाराष्ट्रात शेतकऱ्याला आणि बागप्रेमीला सल्ला नेमका कोण देतो, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांच्यासाठी तर हा अभ्यास विशेष उपयोगाचा ठरेल.

विस्कॉन्सिन हे अमेरिकेच्या उत्तर भागातील, मिशिगन आणि सुपीरियर या दोन महासरोवरांना लागून असलेले, दुग्धव्यवसायासाठी प्रसिद्ध असे राज्य आहे. तेथील हिवाळा दीर्घ आणि कठोर असतो, पाणी गोठवणारी थंडी मे महिन्यातही अचानक परतते आणि पानगळीच्या दिवसांत ती लवकरच पुन्हा येऊन ठेपते, त्यामुळे लागवडीचा हंगाम आखूड असतो आणि चुकीच्या आठवड्यात लावलेले टोमॅटोचे रोप एका रात्रीत काळे पडू शकते. कोणते बहुवर्षायू झाड कोठे तग धरेल हे कळावे म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाचा एक नकाशा तयार केला असून, वर्षातील सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी काढून त्यात भूभागाचे पट्टे पाडलेले आहेत. या पट्ट्यांना ‘हार्डिनेस झोन’ म्हणतात. १९९१ ते २०२० या ३० वर्षांच्या नोंदींवर आधारलेली या नकाशाची नवी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली, तेव्हा देशाचा जवळजवळ निम्मा भाग पूर्वीपेक्षा अर्ध्या पट्ट्याने उष्ण ठरला. हवामानबदलाच्या चर्चेत सहसा न रमणाऱ्या माणसालाही ‘आता आमच्याकडे हे झाड जगेल का’ असे विचारावेसे वाटू लागते ते अशा वेळी, आणि हा प्रश्न विचारायला त्याला जागा लागते.

ती जागा विस्कॉन्सिनमध्ये का निर्माण झाली, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकातील कायद्यांत आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना सार्वजनिक जमीन दिली आणि तिच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये उभारायला सांगितले. जमिनीच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थांना ‘लँड-ग्रँट’ विद्यापीठे म्हणतात. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना संशोधन केंद्रांसाठी पैसा मिळाला आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने तिसरा दुवा जोडला. विद्यापीठातील ज्ञान शेताच्या बांधापर्यंत आणि घराच्या स्वयंपाकघरापर्यंत नेणारी जी यंत्रणा आपण कृषी विस्तार म्हणून ओळखतो, तिला या कायद्याने केंद्र, राज्य आणि काउंटी म्हणजे साधारण जिल्हा, अशा तिघांच्या पैशावर कायमचे उभे केले. विस्कॉन्सिन विद्यापीठाने ही कल्पना इतर कोणाही इतकीच, किंबहुना अधिक मनापासून स्वीकारली होती. १८९० मध्ये तेथील रसायनशास्त्रज्ञ स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी चाचणी शोधून काढली आणि तिचे एकस्व न घेता ती सर्वांसाठी खुली ठेवली. दुधात पाणी घालणारा आणि सकस दूध आणणारा यांच्यातला भेद संकलन केंद्रावरच कळू लागला, तो या चाचणीमुळे. पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी विद्यापीठाचा लाभ राज्यातील प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचला पाहिजे, अशी भूमिका मांडली आणि ती ‘विस्कॉन्सिन आयडिया’ या नावाने रूढ झाली.

नभोवाणी या विचाराच्या कुशीतच वाढली. मॅडिसन येथील विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्राध्यापक अर्ल टेरी आणि त्यांचे विद्यार्थी ‘नाइन एक्स एम’ या प्रायोगिक केंद्रावर काम करीत होते. बिनतारी प्रक्षेपणाला लागणाऱ्या निर्वात नलिका बाजारात सहज मिळत नसल्याने त्या ते प्रयोगशाळेत काच फुंकून स्वतः घडवीत असत. या केंद्रावरून १९१६ पासून हवामानाचा अंदाज मोर्सच्या कडकट्ट संकेतांत नियमित प्रक्षेपित होऊ लागला, १९२१ च्या जानेवारीपासून तो मानवी आवाजात ऐकू येऊ लागला आणि १९२२ मध्ये केंद्राला ‘डब्ल्यू एच ए’ हे नाव मिळाले. अमेरिकेत इतरत्र नभोवाणीचा पहिला मोठा उपयोग मनोरंजनासाठी आणि जाहिरातीसाठी झाला. इथे तो उद्या पाऊस पडेल की नाही, हे शेतकऱ्याला सांगण्यासाठी झाला, हा फरक पुढच्या साऱ्या इतिहासात जाणवत राहतो.

१९३१ मध्ये या केंद्राने ‘विस्कॉन्सिन स्कूल ऑफ द एअर’ ही नभोवाणी शाळा सुरू केली आणि खेड्यापाड्यांतील एकशिक्षकी शाळांमधून मुले ठरलेल्या वेळी रेडिओभोवती बसू लागली. तिच्यातील निसर्गविषयक कार्यक्रमाचे वक्ते वेकलिन मॅकनील हे ‘रेंजर मॅक’ या नावाने ओळखले जात. १९३३ पासून १९५४ पर्यंत ते मुलांना पायवाटेवरची रोपे, पक्ष्यांची घरटी, मातीची धूप अशा गोष्टी सांगत राहिले आणि त्यांच्या कार्यक्रमाला नभोवाणीक्षेत्रातील मानाचा पीबडी पुरस्कारही मिळाला. ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या ग्रंथामुळे पर्यावरणविचारात ज्यांचे नाव कायम झाले ते ऑल्डो लिओपोल्ड १९३३ मध्ये याच विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि त्यांनीही या केंद्रावरून शेतशिवारातील वन्य जिवांविषयी भाषणे दिली. गृहिणींसाठी स्वतंत्र कार्यक्रम होता, शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र होता. ही सारी एकतर्फी बोलणी होती, तरी श्रोत्यांची पत्रे येत आणि वक्ते ती पुढच्या वेळी वाचून उत्तरे देत. दूरध्वनी घरोघरी पोहोचल्यावर या पत्रांची जागा आवाजाने घेतली.

‘डब्ल्यू एच ए’मधून वाढलेल्या आजच्या विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओचे परवाने विद्यापीठाकडे आणि राज्याच्या शैक्षणिक संप्रेषण मंडळाकडे आहेत. खर्च श्रोत्यांच्या वर्गण्या, राज्याचा पैसा आणि प्रायोजकांचे साहाय्य यांतून भागतो आणि कार्यक्रमाच्या मध्ये खताच्या किंवा औषधाच्या जाहिराती लागत नाहीत. १९६७ पासून या केंद्राशी जोडले गेलेले लॅरी मायलर हे त्याच विद्यापीठात विज्ञानसंवादाचे प्राध्यापकही होते, आणि त्यांच्या नावाने चाललेल्या कॉल-इन कार्यक्रमाने कित्येक दशके श्रोत्यांना सोबत दिली. एका दिवशी घरातली गळती आणि शेगडीची दुरुस्ती, दुसऱ्या दिवशी वन्यजीव, तर कधी वीजबचत वा स्वयंपाक, असा त्याचा पसारा असे. मात्र बागेविषयीचा ‘गार्डन टॉक’ हा भाग सर्वांत लोकप्रिय ठरला.

अशा कार्यक्रमाची कार्यपद्धती बाहेरून दिसते तितकी सैल नसते. श्रोत्याचा फोन आधी एक सहायक घेतो, प्रश्न थोडक्यात समजून घेतो आणि निवेदकासमोरच्या पडद्यावर नाव, गाव आणि विषय लिहितो. निवेदक श्रोत्याची ओळख करून देताना गावाचे नाव आवर्जून सांगतो, आणि ते सौजन्यापुरते नसते. गावावरून तज्ज्ञाला थंडीचा पट्टा, सरोवराचे अंतर आणि मातीचा पोत यांचा अंदाज येतो. विस्कॉन्सिनच्या मध्यभागी रेताड जमीन आहे, दक्षिणेकडे सुपीक काळी माती आहे आणि मिशिगन सरोवराच्या काठी वसंत ऋतू उशिरा येतो, म्हणजे एकाच प्रश्नाची तीन गावांसाठी तीन उत्तरे असू शकतात. त्यानंतर सुरू होते ती उलटतपासणी. जुना वैद्य जसा औषध सांगण्याआधी झोप, आहार आणि दिनक्रम विचारून घेई, तसा तज्ज्ञ विचारतो की झाड किती वर्षांचे आहे, ऊन किती तास मिळते, पाणी केव्हा आणि कसे घालता, पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, शेजारी कोणी तणनाशक फवारले होते का. नभोवाणीवर पान दाखवता येत नाही ही या माध्यमाची मर्यादा खरी. पण तिच्यामुळेच प्रश्न विचारणाऱ्याला पान नीट पाहून शब्दांत मांडावे लागते आणि ऐकणारे इतर हजारो लोक कोठे पाहायचे ते शिकतात.

एका नित्याच्या प्रश्नाचे उदाहरण घेता येईल. टोमॅटोची पहिली फळे भरू लागली की त्यांच्या तळाशी, म्हणजे फूल जेथे गळून पडलेले असते त्या बाजूला, चामड्यासारखा काळपट आणि खोलगट डाग पडतो, आणि हा कसला रोग आहे व त्यावर काय फवारावे, असे विचारणारे फोन प्रत्येक उन्हाळ्यात येतात. उत्तर असे असते की हा संसर्गजन्य रोग नाही आणि त्यावर काहीही फवारू नये. फळाच्या वाढीला चुन्यात असते ते कॅल्शियम लागते. ते मुळांकडून पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वर येते, आणि पाणी कधी भरपूर तर कधी अजिबात नाही असे झाले, की पानांची गरज आधी भागवली जाते आणि वाढत्या फळाचे टोक उपाशी राहते. बहुतेक जमिनींत कॅल्शियम पुरेसे असतेच, त्यामुळे वरून चुना टाकण्याआधी माती तपासून घ्यावी. अंड्याची टरफले मातीत कुजायला फार वेळ लागतो, म्हणून त्याच हंगामात त्यांचा उपयोग होत नाही. नत्रयुक्त खताचा मारा केल्यास पाने माजतात आणि दोष वाढतो. वाफ्यावर गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे, ओल सारखी राखावी आणि डागाळलेली फळे काढून टाकावीत, म्हणजे पुढचा तोडा बहुधा निर्दोष येतो. या उत्तराचे खरे मोल त्यातल्या विज्ञानाइतकेच दुसऱ्या एका गोष्टीत आहे: उत्तर देणाऱ्याला काही विकायचे नव्हते, म्हणून ‘काही विकत घेऊ नका’ असे सांगणे त्याला परवडले. जाहिरातींवर चालणाऱ्या केंद्रावर, किंवा औषधाच्या दुकानाच्या गल्ल्यावर, हे वाक्य उच्चारले जाणे अवघड असते.

या कार्यक्रमाच्या मागे दोन प्रयोगशाळा उभ्या असतात. विद्यापीठाच्या वनस्पतिरोग निदान केंद्राचे ब्रायन हडेलसन आणि कीटक निदान प्रयोगशाळेचे फिल पेलिटेरी हे या कार्यक्रमाचे नेहमीचे तज्ज्ञ होते. पेलिटेरी यांनी तीन दशकांहून अधिक काळ राज्यभरातून डब्यांत आणि पाकिटांत येणारे किडे ओळखून दिले. श्रोत्याच्या वर्णनावरून निदान होत नसेल तर ‘फोनवरून सांगता येणार नाही, नमुना पाठवा’ असे तज्ज्ञ निःसंकोचपणे सांगतो आणि नमुना कसा गुंडाळायचा, निरोगी आणि रोगट यांच्या सीमेवरचा भाग का पाठवायचा, हेही सांगतो. काउंटीच्या विस्तार कार्यालयात हे काम पुढे नेणारे शिक्षित स्वयंसेवकही असतात. बागकामाचे प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांची गर्दी आवरेनाशी झाल्यावर १९७२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या विस्तार सेवेने नागरिकांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून इतरांना मोफत सल्ला देण्याची योजना सुरू केली आणि ‘मास्टर गार्डनर’ या नावाने ती देशभर पसरली. रेडिओवरचा तासाभराचा संवाद हा अशा रीतीने एका मोठ्या इमारतीचा दर्शनी दरवाजा असतो. आत प्रयोगशाळा, संशोधन केंद्रे आणि जिल्हा कार्यालये नसती तर तो केवळ गप्पांचा तास झाला असता.

ही रचना उलट दिशेनेही काम करते, म्हणजे तज्ज्ञांची सूचना कोणी विचारण्याआधीच घरोघरी पोहोचते, हे अ‍ॅश नावाच्या वृक्षावर आलेल्या संकटात दिसून आले. आशियातून आलेला ‘एमराल्ड अ‍ॅश बोअरर’ हा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या परिसरात, प्रथम आढळला आणि २००८ मध्ये तो विस्कॉन्सिनमधील न्यूबर्ग या गावी सापडला. त्याची अळी सालीखाली नागमोडी बोगदे कोरते, त्यामुळे मुळे आणि शेंडा यांच्यातील अन्नपाण्याचे वहन तुटते आणि काही वर्षांत झाड वरून खाली वाळत येते. प्रौढ भुंगेरा बाहेर पडताना सालीवर जेमतेम ३ मिलिमीटरचे, एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोलाकार असे छिद्र करतो. इतर किड्यांची छिद्रे पूर्ण गोल किंवा लंबगोल असतात, म्हणून हा बारकावा रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगावा लागतो. अमेरिकेच्या अनेक शहरांत पूर्वी एल्म वृक्ष रोगाने मेल्यावर त्यांच्या जागी अ‍ॅशच लावले गेले होते, त्यामुळे गल्लीच्या गल्ली उघड्या पडण्याची वेळ आली. झाड वाचवायचे असेल तर खोडात कीडनाशक टोचावे लागते आणि ते ठरावीक अंतराने पुन्हा टोचत राहावे लागते. शेंड्याचा मोठा भाग आधीच वाळला असेल तर हा खर्च व्यर्थ जातो आणि झाड ठिसूळ होऊन कोसळण्याआधी तोडणेच शहाणपणाचे ठरते. कोणते झाड राखावे आणि कोणते सोडावे हा निर्णय प्रत्येक घराला स्वतंत्रपणे घ्यावा लागला, पण तो घेण्याचे निकष साऱ्या राज्याने एकत्र ऐकले. जळाऊ लाकडातून अळ्या दूरवर जातात, म्हणून सहलीला जाताना घरची लाकडे नेऊ नयेत, ही सूचनाही अशीच घरोघरी पोहोचली.

असाच दुसरा परका जीव मातीत निघाला. २०१३ मध्ये मॅडिसनमधील विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात आशियाई ‘जंपिंग वर्म’ म्हणजे उसळणारे गांडूळ असल्याची खात्री पटली. गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, असे मराठी वाचक शाळेपासून शिकत आलेला आहे. परंतु विस्कॉन्सिनच्या जंगलांत हिमयुगानंतर स्थानिक गांडुळे नव्हतीच, आणि तेथील वृक्ष व रानफुले जमिनीवर साचणाऱ्या पालापाचोळ्याच्या जाड थरावर विसंबून वाढलेली आहेत. हे नवे गांडूळ तो थर झपाट्याने खाऊन संपवते आणि मागे सुटीसुटी, दाणेदार माती ठेवते, जिच्यात ओल टिकत नाही आणि रोपांची मुळे धरत नाहीत. हिवाळ्यात प्रौढ गांडुळे मरतात, पण त्यांच्या अंड्यांचे कोश मातीत सुखरूप राहतात, म्हणून रोपांच्या कुंड्या आणि पालापाचोळ्याचे खत यांची देवाणघेवाण करताना काळजी घ्यावी लागते. अशा घुसखोरांचा माग काढताना प्रत्येक परस तपासणे शास्त्रज्ञांना शक्य नसते, आणि आपल्या वाफ्यात काहीतरी विचित्र वळवळताना दिसले असे सांगणारा नागरिकच त्यांचा डोळा होतो.

तज्ज्ञांचे सांगणे अचूकच असते असे नाही, आणि चांगल्या कार्यक्रमात ते लपवले जात नाही. काळ्या अक्रोडाच्या झाडातून जुग्लोन नावाचे द्रव्य पाझरते आणि त्याच्या सावलीतले टोमॅटो त्यामुळे मरतात, असे कित्येक पिढ्यांनी ऐकले आणि सांगितले आहे. अलीकडे मात्र प्रयोगशाळेतील निष्कर्ष बागेला सरसकट लागू होतात का, सावली आणि पाण्याची स्पर्धा यांचा वाटा किती, असे प्रश्न संशोधकांनीच उपस्थित केले आहेत. सल्ला जाहीरपणे दिलेला असेल तर त्याची दुरुस्तीही त्याच ठिकाणी जाहीरपणे करता येते, हा सार्वजनिक माध्यमाचा मोठा गुण आहे. दुकानदाराने कानात सांगितलेला सल्ला चुकला तर त्याची नोंद कोठेही राहत नाही.

याच धाटणीचे कार्यक्रम इतरत्रही रुजले. ब्रिटनमध्ये युद्धकाळात परसात भाजीपाला पिकवण्याची जी मोहीम झाली, तिच्या पाठोपाठ १९४७ मध्ये बीबीसीने बागवानांच्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू केला. त्यात तज्ज्ञमंडळ गावोगावी जाऊन प्रेक्षकांसमोर बसते आणि तो आजही चालू आहे. बॉस्टनच्या सार्वजनिक केंद्रावरून १९७७ मध्ये निघालेला मोटारदुरुस्तीचा ‘कार टॉक’ पुढे देशभर ऐकला गेला, तर फिलाडेल्फियातील ‘यू बेट युवर गार्डन’ने रसायनविरहित बागकामाचा आग्रह धरला. अमेरिकेतील अशा केंद्रांचा आर्थिक आधार मात्र अलीकडे डळमळला आहे. १९६७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग’ या संस्थेमार्फत त्यांना केंद्र सरकारचा निधी मिळत असे. जुलै २०२५ मध्ये तेथील काँग्रेसने आधी मंजूर केलेले १.१ अब्ज डॉलर परत घेतले आणि त्यानंतर संस्थेने आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मोठ्या शहरांतील केंद्रे वर्गण्यांवर तग धरतील. फटका बसेल तो विरळ वस्तीच्या भागांना, जेथे स्थानिक हवामान आणि शेती यांविषयी बोलणारा दुसरा आवाज नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला, ज्याचा उल्लेख विकाससंवादाच्या जागतिक अभ्यासात आजही होतो. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून रेडिओ ऐकत, चर्चा करत आणि आपले निष्कर्ष केंद्राला कळवत. त्या धर्तीवर तत्कालीन मुंबई राज्यातील पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतृगट स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गटातील साधारण वीस जण संध्याकाळी एकत्र बसून तो ऐकत, मग त्यावर बोलत, आणि त्यांच्या शंका व अनुभव निमंत्रक लिहून पुण्याला पाठवत. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात दिली जात. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली, आणि ज्या गावांत नुसता रेडिओ होता पण गट नव्हता तेथे ती तितकी पडली नाही. लिहिता-वाचता न येणारे शेतकरीही चर्चेत बरोबरीने बोलत, ही नोंद विशेष मोलाची आहे. १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारली, परंतु पुण्यातल्या प्रयोगामागे असलेली बारकाईची देखरेख आणि प्रश्नाला वेळेवर उत्तर देण्याची शिस्त पुढे टिकली नाही, आणि ट्रान्झिस्टर घरोघरी आल्यावर एकत्र बसण्याचे कारणही उरले नाही.

आज महाराष्ट्रात सामग्रीची उणीव नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे अमेरिकी लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर, म्हणजे शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छत्राखाली या तत्त्वावर उभी आहेत. जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत, गावपातळीवर कृषी खात्याचे कर्मचारी आहेत, आकाशवाणीच्या केंद्रांवर शेतीविषयक कार्यक्रम होतात आणि म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखी सामुदायिक रेडिओ केंद्रे आपापल्या भागात बोलीभाषेत बोलतात. २००४ पासून किसान कॉल सेंटरही आहे, १८००-१८०-१५५१ हा त्याचा क्रमांक आहे आणि तेथे मराठीत उत्तर मिळते. तरीही पिकावर अळी दिसली की शेतकऱ्याची पावले बहुधा तालुक्याच्या कृषी सेवा केंद्राकडे वळतात आणि जो औषध विकतो तोच निदानही करतो. कॉल सेंटरचे उत्तर एकाच्या कानात जाते. शेजारच्या बांधावर तोच प्रश्न पडलेला असतो, पण तो संवाद तिथे ऐकू येत नाही, उत्तर चुकले तर दुसरा तज्ज्ञ ते दुरुस्त करू शकत नाही आणि एकाच आठवड्यात एकाच तालुक्यातून तोच प्रश्न पन्नास जणांनी विचारला, हे गावाला कळत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले, तेव्हा वेगवेगळी कीडनाशके एकत्र मिसळून फवारण्याचा प्रश्न ऐरणीवर आला होता. कोणते औषध कशात मिसळू नये, वारा कोणत्या दिशेने असताना पंप खांद्यावर घेऊ नये आणि यंदा फवारण्याची गरजच नाही, हे सांगणारा निरपेक्ष आवाज वेळेवर आणि सर्वांना ऐकू जाणे हा तेथे जीवनमरणाचा विषय होता.

शहरातील बागप्रेमींनाही हेच लागू आहे. गच्चीवरची कुंडी, सोसायटीच्या आवारातील वठत चाललेला गुलमोहोर, पर्जन्यवृक्षांवरची पांढरी कीड, खिडकीत घरटे करणारी कबुतरे, घरात निघालेला साप यांविषयी प्रश्न असंख्य आहेत आणि उत्तरे देणारे जाणकारही याच राज्यात आहेत. त्यांना एकाच ठरलेल्या तासाला एकत्र आणणे एवढेच काम उरते.

विस्कॉन्सिनचा अनुभव पाहता हे काम आटोक्यातले आहे. आकाशवाणीच्या विभागीय केंद्रांनी आणि चारही कृषी विद्यापीठांनी येत्या खरिपाआधी एकत्र बसून आठवड्यातला एक तास थेट प्रश्नोत्तरांसाठी राखावा. त्या तासाला विद्यापीठाचा कीटकशास्त्रज्ञ, रोगशास्त्रज्ञ आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ माइकसमोर असावा. कीडनाशकांच्या आणि बियाण्यांच्या जाहिराती त्या तासापासून दूर ठेवाव्यात. आणि नमुना पाठवला तर आठवड्याभरात उत्तर मिळेल, अशी व्यवस्था आधी करून मगच पहिला फोन घ्यावा. वाचकांनी आपल्या जवळच्या आकाशवाणी केंद्राच्या संचालकांना आणि विद्यापीठाच्या विस्तार शिक्षण विभागाला तसे पत्र लिहावे, आणि त्या पत्रात आपल्या शेतातला किंवा परसातला एक खरा प्रश्नही घालावा.